दोन पात्या आणि एक वणवा

देवासच्या टेकडीवर चैत्री नवरात्रात पहाटेपासून जी माणसांची रांग लागते, तिच्यात उभे राहण्याचा आमचा नेम आता पन्नास वर्षांचा झाला. ज्या वाचकांनी देवास पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गावाला लागूनच ही टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर, आणि वर दोन देवींची दोन स्थाने: एक तुळजाभवानी, दुसरी चामुंडा. लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात, व त्या सख्ख्या बहिणी आहेत असे मानतात. एकीचे दर्शन घेऊन दुसरीला न भेटता कोणी खाली उतरत नाही.

टेकडीवर जशा दोन बहिणी, तशी खाली दोन राज्ये होती. पहिल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास देवास वसविले. पुढे त्यांच्या वंशजांची दोन संस्थाने झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. गावातला एक रस्ता हीच दोन राज्यांची सरहद्द. आमचे आजोबा अंत्रुज महालातून पोटासाठी निघाले ते थोरल्या पातीच्या शाळाखात्यात चिकटले. ते जेवताना गमतीने विचारीत, "रस्त्याच्या पलीकडे धाकट्या पातीत घर पेटले, तर आमच्या विहिरीची घागर कोणाच्या सहीने न्यायची?" आमची आजी वाढता वाढता कोंकणीत उत्तर देई, "उज्याक शीम कळना." उज्याला, म्हणजे अग्नीला, शीव कळत नाही. त्या वेळी आम्ही पोरे नुसती हसत असू. त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा, आणि फार महागात, समजला. तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

१९४८ साली दोन्ही पात्या आणि शेजारचे धार संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात मिसळला. आजोबांची नोकरी संपली. मागे राहिली ती बागली तहसिलातील चार एकर जमीन. माळव्याचे पठार जेथे विंध्याच्या कडेवरून नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते, त्या उताराच्या तोंडाशी ती आहे. शेताच्या बांधापलीकडे एक कोरडा नाला, आणि नाल्यापलीकडे सरकारी जंगल: साग, पळस, तेंदू, मोह. आमचे वडील पुढे गोव्यात परतले व आम्ही फोंड्यास स्थायिक झालो. जमीन एका वाटेकऱ्याकडे आहे. त्याचे वडीलही आमच्याच शेतात राबले. तो आम्हांस बाबूजी म्हणतो, आणि आमच्या शब्दाबाहेर जात नाही. या शेवटच्या वाक्यातच पुढच्या अनर्थाचे मूळ आहे.

काही वर्षांपूर्वीच्या चैत्र शुद्ध सप्तमीची गोष्ट. आम्ही टेकडीवर रांगेत उभे असताना वाटेकऱ्याचा फोन आला. गहू निघाला होता. हल्ली माळव्यात गव्हाची कापणी हार्वेस्टर यंत्राने होते. ते यंत्र लोंब्या वरच्यावर कापून नेते आणि मागे वीतभर, कोठे हातभर, उभी धसकटे ठेवते. त्यांना तिकडे नरवाई म्हणतात. ती काढावयास मजूर लावले तर पैसा जातो. काडी ओढली तर तासाभरात शेत मोकळे होते. वाटेकऱ्याने विचारले, "बाबूजी, नरवाई जला दूँ?" नरवाई जाळण्यास मध्यप्रदेशात बंदी आहे व दंडही आहे, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. परंतु दर्शनाची वेळ जवळ आली होती, मागून माणसे रेटीत होती, आणि आजवर कधी काही झाले नव्हते. आम्ही म्हणालो, "जला दो, हवा देखकर." फोन खिशात टाकला आणि देवीपुढे हात जोडले.

चारच्या सुमारास पुतण्याने आम्हांस झोपेतून उठविले. "काका, आग जंगलात गेली." दोघे गाडीत बसलो. देवासहून त्या बाजूला जावयास दोन तासांहून अधिक लागतात. त्या वेळात दोघांच्या तोंडून चार वाक्येही निघाली नसतील.

दुपारी दोननंतर वाटेकऱ्याने शेत पेटविले तेव्हा वारा पडलेला होता. मग पश्चिमेची झुळूक सुटली. बांधावरच्या वाळक्या गवतातून आग नाल्यात उतरली, आणि नाला कोरडा व पाचोळ्याने भरलेला. पलीकडे सागाचे जंगल चैत्रात नागडे असते. त्याची ताटाएवढी पाने जमिनीवर गुडघाभर पडलेली असतात. आग चढणीला लागली की तिचा वेग वाढतो, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्याला अगोदरच तापवून ठेवतात. अर्ध्या तासात वणवा टेकाडाच्या कण्यापाशी पोचला होता.

आणि तो कणा म्हणजे दोन वनपरिक्षेत्रांची हद्द होती.

वाटेकऱ्याने पहिला फोन ज्या कचेरीत केला, तेथून उत्तर मिळाले की ती जागा पलीकडच्यांची आहे. पलीकडच्या कचेरीने सांगितले की आग तुमच्या बाजूने आली आहे. कोणाचे नाव घ्यावयाचे आम्हांस कारण नाही. त्या दोन्ही माणसांनी नकाशा पाहूनच उत्तर दिले असेल, आणि ज्याने आग लावण्यास परवानगी दिली त्याने दुसऱ्यांच्या उशिरावर बोलू नये. परंतु त्या पाऊण तासात जे घडले ते सांगितलेच पाहिजे. अलीकडून आमच्या गावची काही पोरे ओल्या फांद्या घेऊन आग झोडपीत वर चढली. पलीकडून काही माणसे आली, आणि त्यांनी आपल्या बाजूचे जंगल वाचविण्यासाठी कण्यावरून समोरून आग दिली. समोरून आग देणे ही जुनी आणि चांगली रीत आहे. येणाऱ्या वणव्यापुढचे जळण अगोदरच जाळून टाकले की त्याला पुढे खावयास काही उरत नाही. पण तिची पहिली अट अशी की दोन आगींच्या मध्ये माणूस नसावा. वरच्यांना खालचे दिसत नव्हते. खालच्यांना वर कोण आहे हे ठाऊक नव्हते. हंगामापुरता आगीच्या राखणीवर ठेवलेला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा मध्ये सापडला. तो निखाऱ्यांतून धावत बाहेर आला म्हणून वाचला. त्याच्या पायांत रबरी चपला होत्या. त्या वितळून तळव्यांना चिकटल्या.

यानंतर जे झाले ते एका साध्या वनरक्षकामुळे झाले. तिकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. आमच्या बाजूचा नाकेदार मोटारसायकलवरून आला, त्याने त्या मुलाला गाडीत घालून दवाखान्याकडे लावले, आणि कोणत्याही कचेरीला न विचारता पलीकडच्या नाकेदाराला सरळ फोन केला. दोघांची ओळख होती. मध्यप्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्याच्या अगोदर हे दोघे ती हद्द पायी फिरले होते, जाळरेषा दोघांनी मिळून साफ करून घेतल्या होत्या, आणि एकमेकांचे नंबर लिहून ठेवले होते. फोनवर त्यांचे बोलणे दोन मिनिटे झाले. ठरले ते एवढेच: कण्यावर पलीकडचा उभा राहील, कारण तेथून दोन्ही उतार दिसतात, तो सांगेल ते अलीकडचेही ऐकतील, आणि त्याने सांगितल्याशिवाय कोणीही नवी आग देणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. दुरून तो वणवा आपल्याकडच्या दिवजोत्सवात ओळीने चालणाऱ्या बायकांच्या हातांतील दिव्यांसारखा दिसत होता, आणि हे मनात येताच आमची आम्हांस लाज वाटली. जवळ गेल्यावर प्रत्येकाचे काम वेगळे असल्याचे दिसले. वनखात्याची माणसे व गावच्या वनसमितीचे लोक जुन्या गाडीवाटेच्या कडेने पाचोळा ओढून दोन-दोन हात रुंदीची कोरी पट्टी करीत होते. दोघांच्या पाठीवर पाने उडविणारी यंत्रे होती. तहसिलाच्या गावाहून नगरपरिषदेचा पाण्याचा बंब आला होता. तो जंगलात चढू शकत नव्हता, म्हणून त्याला नाल्याच्या काठी वाडीच्या आणि आगीच्या मध्ये उभे केले होते. आसपासच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून वाडीभोवती नांगराचे चार तास ओढले होते. पोलिसांनी रस्ता अडविला होता. बायका डोक्यावरून पाणी आणीत होत्या, ते आगीसाठी नव्हे, माणसांच्या घशासाठी. या सगळ्यांचे वरिष्ठ निराळे, पगार देणारे निराळे, काहींना तर पगारच नाही. पण काय करावे हे विचारावयास सगळे एकाच माणसाकडे पाहत होते. तो कण्यावर विजेरी घेऊन उभा होता आणि त्याचा हुद्दा तेथल्या पुष्कळांहून खालचा होता.

मध्यरात्रीनंतर वारा पडला. तीनच्या सुमारास ज्वाळा संपल्या. उजाडेपर्यंत माणसे धुमसणारे ओंडके फिरवून मातीने दाबीत राहिली, कारण अशा एका ओंडक्यातून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी पुन्हा वणवा उठतो. पहाटे नाकेदाराच्या मोबाइलवर एक संदेश आला. त्यात अक्षांश, रेखांश व कक्षाचा क्रमांक होता आणि आग लागल्याची सूचना होती. उपग्रहाने आमची आग पाहिली होती. नाकेदार हसला नाही. त्याने तो संदेश वाचला आणि दमलेल्या हाताने फोन खिशात ठेवला.

सकाळी पंचनामा झाला. त्यांत वाटेकऱ्याचे नाव लिहिले जात होते. तो मान खाली घालून उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. काडी त्याने ओढली हे खरे, पण हुकूम आमचा होता. तो हुकूम आम्ही देवीच्या दारात उभे राहून दिला होता. आम्ही पुढे होऊन आपले नाव लिहावयास सांगितले. नरवाईचा दंड पाच हजार रुपये झाला, जंगलाच्या नुकसानीबद्दल कायद्याप्रमाणे जे भरावयाचे ते वेगळे भरले. पैशांनी प्रकरण मिटले. दवाखान्यात त्या मुलाला भेटावयास गेलो, तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना घोट्यांपर्यंत पट्ट्या होत्या. त्याने आम्हांस एकही कठोर शब्द ऐकविला नाही. एवढेच म्हणाला, "बाबूजी, जूते होते तो कुछ न होता."

त्या वाक्याने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. दोन दिवसांनी आम्ही धारला गेलो. धार म्हणजे थोरल्या पवारांची गादी. ज्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला तो किल्ला तेथे आहे. किल्ल्याच्या छायेत आमचे एक मावसभाऊ राहतात. जन्म वनखात्यात गेला, आता निवृत्त आहेत; त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी हकीकत मुकाट्याने ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस मांडूला नेले. रूपमतीच्या महालाच्या सज्जातून खाली निमाड दिसतो, व हवा निर्मळ असली तर नर्मदेची रेघही दिसते. त्या उतारांवर ठिकठिकाणी काळे डाग होते. भाऊसाहेब म्हणाले, "हे डाग धार जिल्ह्याचे आहेत. तो डोंगर दुसऱ्या जिल्ह्याचा. तुमचे देवास उज्जैन संभागात, आमचे धार इंदूर संभागात. तुमच्याच जिल्ह्यातले खिवनीचे अभयारण्य सीहोर जिल्ह्यातही पसरले आहे, आणि सीहोर भोपाळ संभागात. हे आगीला सांगणार कोण?"

मग त्यांनी जे समजाविले, त्याचा सारांश आमच्या शब्दांत देत आहोत.

जंगलाचे आगीपासून पद्धतशीर रक्षण करण्याचा हिंदुस्थानातील पहिला प्रयत्न याच मुलखाजवळ झाला. १८६५ च्या सुमारास कर्नल पिअर्सन या अधिकाऱ्याने नर्मदेच्या दक्षिणेस, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात जाळरेषा आखून आग अडविण्यास आरंभ केला. पुढे १९२७ चा वनकायदा आला. त्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरले. ७९ व्या कलमाने जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्या सर्वांवर आगीची खबर देण्याचे आणि ती विझविण्यास मदत करण्याचे कर्तव्य घातले. परंतु नुसत्या कर्तव्याने माणूस धावत नाही. १९९१ साली मध्यप्रदेशाने गावोगावी वनसमित्या करून राखणीत व उत्पन्नात गावाला वाटा देण्याचे धोरण स्वीकारले, ते याच अनुभवातून. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळणारा, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे पेटविणारा, आणि आमच्यासारखा नरवाई जाळणारा, हे सगळे त्या गावांतलेच असतात. आग लावणारा आणि विझविणारा पुष्कळदा एकाच घरात जेवतो.

उपग्रहाविषयी आमच्या मनात थोडी कडवट भावना होती. ती भाऊसाहेबांनी काढून टाकली. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे ठिपके शोधून राज्यांना कळविते. आरंभीच्या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर लांब व तितकाच रुंद चौकोन. २०१७ पासून जो अधिक बारीक डोळा वापरात आला त्याचा चौकोन ३७५ मीटरांचा. नाव नोंदविलेल्या कोणाच्याही मोबाइलवर ही सूचना येते. नाकेदाराच्याच नव्हे, गावच्या सरपंचाच्याही. पण हा बारीक डोळा आपल्या डोक्यावरून जातो तो दुपारी दीडच्या व रात्री दीडच्या सुमारास. आमची आग दोननंतर लागली आणि त्याला चुकली. "जेथे माणूस नाही तेथे हाच डोळा कामाचा," भाऊसाहेब म्हणाले, "पण जेथे गाव आहे तेथे पहिली खबर गावानेच दिली पाहिजे. उपग्रह आग दाखवील. कोणी कोठे उभे राहावे हे तो सांगणार नाही."

कोणी कोठे उभे राहावे, हाच खरा प्रश्न. तो काही आमच्याच देशाला पडलेला नाही. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे चालले. सोळा माणसे मेली, सातशेंहून अधिक इमारती जळाल्या. चौकशीत निघाले ते असे की माणसे व बंब पुष्कळ होते. पण प्रत्येक खात्याची बिनतारी यंत्रणा निराळी, एकाच वस्तूला प्रत्येकाचा शब्द निराळा, आणि हुकूम देणारे अनेक. त्यातून जी पद्धत तयार झाली तिचे तत्त्व अगदी सोपे आहे. एका घटनेवर एक प्रमुख असावा. तो कोणत्या खात्याचा हे गौण मानावे. सर्वांचे शब्द एक असावेत, आणि एका माणसाच्या हाताखाली त्याला सांभाळता येतील इतकीच माणसे असावीत. त्याच देशात आयडाहो राज्यातील बॉइसी या गावी १९६५ साली वनखाते, सरकारी जमिनींचे खाते आणि हवामानखाते यांनी एक सामाईक केंद्र उघडले होते. आज तेथे स्थानिक, विभागीय व राष्ट्रीय अशा तीन पायऱ्या आहेत. जवळचे बळ प्रथम धावते, मग ते कोणाच्याही मालकीचे असो. ते अपुरे पडले तर विभागाकडे मागणी जाते. विभाग थकला तर राष्ट्रीय केंद्र दूरच्या राज्यातील माणसे व विमाने पाठविते. कोणाकडे काय शिल्लक आहे याची यादी रोज लिहिलेली असते.

आपल्याकडे हे नाही असे नव्हे. २०१० साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने हीच पद्धत आपल्या राज्यकारभाराला बसेल अशी करून प्रसिद्ध केली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हा जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. वनखाते, पोलीस, नगरपालिकांचे बंब, आरोग्यखाते या सर्वांना एकत्र बोलाविण्याचा अधिकार त्याला आहे. २०१८ साली केंद्र सरकारने वणव्यांविषयी राष्ट्रीय कृतियोजना केली. वणवे रोखण्याच्या केंद्रीय योजनेत आमच्या मध्यप्रदेशासारख्या राज्यांत खर्चाचे साठ टक्के केंद्राने व चाळीस राज्याने द्यावयाचे आहेत. कागद पुरेसे आहेत. "उणे असते ते एवढेच," भाऊसाहेब म्हणाले, "की कागदावरची माणसे आग लागण्यापूर्वी एकमेकांना भेटलेली नसतात. तुमचे ते दोन नाकेदार भेटलेले होते. त्यांच्या वरचे भेटलेले नव्हते. तुमचा पाऊण तास तेथे गेला."

आम्ही गोव्यास परतलो तरी हा विचार पाठ सोडीना. गोमंतकीय वाचकांना २०२३ चा मार्च महिना आठवत असेल. म्हादई अभयारण्यात व आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या, आणि त्या विझविण्यासाठी वनखाते, अग्निशमन दल, पोलीस व गावकरी यांच्याबरोबर नौदलाची आणि हवाईदलाची हेलिकॉप्टरे आली. झोळीतून पाणी ओतणारी ती हेलिकॉप्टरे वर्तमानपत्रांत सर्वांनी पाहिली. पण हेलिकॉप्टर पाणी ओतते तेव्हा खाली माणूस नसावा, व ओतून झाल्यावर मात्र लगेच माणूस पोचावा, नाहीतर धुमसलेले पुन्हा पेटते. वरच्याला खालचा कोठे आहे हे कळावयास हवे. आमच्या टेकाडावर रबरी चपला घातलेला जो मुलगा दोन आगींत सापडला, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरची गोष्ट आहे.

याच सुमारास आमच्या कुलदेवाच्या जत्रेच्या तयारीची सभा होती. रथाचा दोर कोणत्या वाड्याने धरावयाचा, दिवट्या कोणी, पालखीला पुढचा खांदा कोणाचा, प्रसाद कोणी वाटावयाचा, हे सगळे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. तरी दरवर्षी सभेत ते वाचून दाखवितात, व कोणी आजारी किंवा परगावी असेल तर त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव लिहितात. तरुणपणी आम्हांस हा वेळेचा अपव्यय वाटे. त्या दिवशी प्रथमच ऐकताना लक्ष लागले. रथ हलल्यानंतर मानासाठी भांडत बसले तर चाकाखाली माणूस जाईल, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी भांडणे सभेसाठी राखून ठेवली आणि रथाच्या दिवशी एकाच्याच हाकेवर दोर ओढण्याची शिस्त घातली. हे शहाणपण आपण देवळाच्या आवारात सांभाळले. आवाराबाहेर, जेथे माणसांचे प्राण व शेकडो वर्षांची झाडे पणाला लागतात, तेथे मात्र आपण ते नेले नाही.

पुढच्या वर्षी आम्ही चैत्राची वाट पाहिली नाही. माघातच देवासला गेलो. धसकटे कापून त्यांचा भुसा करणारे यंत्र भाड्याने मिळते. गहू निघाल्यावर ते लावण्याचा खर्च पूर्णपणे आमचा, असे वाटेकऱ्याला सांगितले. पहिल्याने त्याचा विश्वास बसेना. पुढे त्या भुशाचे त्याच्या गुरांना पुरून उरले, तेव्हा शेजारच्या दोघांनीही तेच यंत्र बोलाविले. त्यानंतर आमच्या शेतात नरवाई पेटलेली नाही.

दुसरे काम लहान होते, पण त्यासाठी आठ दिवस मोडले. दोन्ही नाकेदारांना, दोन्ही गावांच्या वनसमित्यांना, नगरपरिषदेच्या बंबावरच्या माणसाला, ठाण्यातल्या एका हवालदाराला आणि चार ट्रॅक्टरवाल्यांना आमच्या खळ्यावर जेवावयास बोलाविले. वरच्या दोन अधिकाऱ्यांनाही पत्रे दिली. त्यांतले एक आले. डाळ-बाफले झाल्यावर नाकेदाराने एक कागद काढला. कोणाकडे किती फावडी आहेत, कोणाचा ट्रॅक्टर कोठे उभा असतो, बंब कोणत्या वाटेने कोठपर्यंत जाऊ शकतो, कोणती विहीर चैत्रात आटत नाही, हे त्याने लिहून घेतले. शेवटची ओळ अशी होती की या टेकाडावर आग लागली तर प्रमुख कोण, आणि तो नसेल तर कोण. ती वाचून दाखविल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग पलीकडच्या गावचा एक म्हातारा म्हणाला, "मंजूर," आणि बाकीच्यांनी माना हलविल्या.

तो मुलगाही आला होता. तो अजून किंचित लंगडतो. त्या हंगामाच्या सगळ्या राखणदारांसाठी आम्ही चामडी बूट आणले होते. त्याने आपला जोड उचलला, उलटा करून तळ पाहिला, आणि न बोलता पायांत घातला. झालेली गोष्ट त्या बुटांनी भरून निघत नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि आम्हांसही.

परतीच्या वाटेवर आम्ही टेकडी चढलो. नवरात्र नसल्यामुळे रांग नव्हती. बड्या मातेचे दर्शन घेतले, मग छोट्या मातेकडे वळलो, आणि या खेपेस फोन खाली गाडीतच ठेवला होता. वरून देवास दिसते. जो रस्ता एके काळी दोन राज्ये वेगळी करीत होता, तो कोणता हे आता नव्या माणसाला दाखविल्याशिवाय कळत नाही. वाचकांपैकी ज्यांची शेते, बागा किंवा काजूची भाटे रानाच्या शिवेला लागून आहेत, त्यांना आमची एवढीच विनंती आहे: या फाल्गुनापूर्वी शिवेपलीकडच्या माणसाला एकदा घरी जेवावयास बोलवा, आणि त्याचा नंबर लिहून घ्या.